अंगठेबाईंची चिंगी

सवतीमत्सर हा फक्त बायकांचा मक्ता आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी कवळीवाल्यांना त्या वर्षी बघायला हवं होतं. बायकोच्या बाबतीत म्हणाल तर त्यांना उभ्या जन्मात कधी संशय शिवला नाही. पण लेक जेवायला बसल्या बसल्या ‘मॅम म्हणतात’ असं म्हणाली, की यांचा घास तोंडातल्या तोंडात फिरायला लागे.

कवळीवाले म्हणजे दातांचे कारागीर. शहरातले निम्मे दातांचे डॉक्टर त्यांच्याकडे जबड्यांचे ठसे पाठवत आणि ते घराच्या पुढच्या खोलीत बसून त्यावरून कवळ्या करत, सुटे दात करत. दार उघडलं की समोर मोठं टेबल. टेबलावर मेणाचे ठोकळे, प्लास्टरचे जबडे, लहानमोठ्या कोरण्या. उजव्या हाताला घासायची मोटर. ती सुरू झाली की गुलाबी भुकटी अशी उडे की संध्याकाळपर्यंत त्यांच्या भुवया गुलाबी झालेल्या असत. हात मात्र सोन्याचा. त्यांनी केलेली कवळी बसवली की म्हातारी माणसं पुन्हा नव्या दमाने भांडायला लागतात, असं त्यांची बायको म्हणायची, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

चिंगी ही त्यांची एकुलती एक लेक. बसायला लागली तेव्हापासून ती याच टेबलाशी वाढली. शाळेतून आली की दप्तर टाकायचं, टेबलाच्या पलीकडच्या उंच स्टुलावर चढायचं, हनुवटी टेबलाला टेकवायची आणि बाबांचे हात बघत राहायचं. ठोकळ्यातून हळूहळू दात बाहेर येताना बघून ती श्वास रोखून धरायची. कवळीवाल्यांना तेव्हाच कळून चुकलं होतं की पोरगी डॉक्टर होणार आणि आपण केलेल्या कवळ्या लोकांच्या तोंडात बसवणार. पुढे ती खरोखरच दातांच्या कॉलेजात गेली, तेव्हा महिनाभर ते रस्त्याच्या मधोमध चालत होते.

आणि पहिल्याच वर्षी चिंगी नापास झाली. तीही कशात, तर मेणाचा दात कोरण्यात!

त्या कॉलेजात पहिल्या वर्षाची परीक्षा अशी असते. चिठ्ठीवर दाताचं नाव लिहून देतात आणि हातात मेणाचा ठोकळा. बाकी कुणी मदतीला नाही. आपण आणि आपली कोरणी. चिंगीला आली होती वरची उजवी दाढ. तिने कोरली छान. फक्त ती डावी झाली. तुम्हाआम्हाला दोन्ही दाढा सारख्याच दिसतील, पण उजवीच्या जागी डावी म्हणजे उजव्या पायात डावी चप्पल. परीक्षकांनी शून्य दिलं. पुढच्या खेपेला खालची डावी आली, ती उजवी झाली. आता तिसरी खेप होती आणि ती शेवटची. यात गेली तर कॉलेजातून नाव कमी होणार होतं.

“घाबरते पोरगी, दुसरं काही नाही,” कवळीवाल्यांनी निदान केलं आणि औषधही स्वतःच द्यायला घेतलं. रोज संध्याकाळी चिंगीला समोर बसवायचं आणि सावकाश एक दाढ कोरून दाखवायची. “बघ. नीट बघ. कळलं?” चिंगी म्हणे, कळलं. मग ती कोरायला घेई आणि अर्ध्यावर आल्यावर कळे की पुन्हा उलटी झाली. तिचे डोळे भरून येत. कवळीवाल्यांना ते बघवत नसे. “बरं, राहू दे,” म्हणत ते तिच्या हातातून ठोकळा घेत आणि स्वतःच नवी दाढ कोरून तिच्यापुढे ठेवत. बापाचं काळीज, दुसरं काय करणार?

अशात कॉलेजने चिंगीला अंगठेबाईंच्या हवाली केलं.

अंगठेबाई म्हणजे तिथल्या सगळ्यात जुन्या प्रोफेसरबाई. त्यांचं खरं नाव पोरं विसरली होती. पोराने कोरलेला दात त्या तळहातावर घेत, उजेडाला धरत, चहूबाजूंनी फिरवत आणि मनाला आला नाही की टेबलावर ठेवून वरून अंगठा दाबत. दाताची पोळी व्हायची. मग एकच शब्द, “पुन्हा.” काय चुकलं ते सांगायच्या नाहीत. ते शोधणं तुमचं काम.

पहिल्या दिवशी चिंगी रुमालात चपटं मेण घेऊन घरी आली आणि आईच्या कुशीत शिरून रडली. कवळीवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

“ही काय शिकवायची पद्धत झाली? दुसऱ्याने जीव ओतून केलेली वस्तू चिरडायची?”

“टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात,” बायको म्हणाली.

“टाकी दगडाला लावतात. पोरीला नाही.”

आठवडाभरात पोरगी कंटाळून आपल्या टेबलाशी परत येईल, याबद्दल त्यांना खात्री होती. आठवडा गेला, दुसरा गेला. पोरगी येईना. उलट कॉलेज सुटल्यावरही तिथेच थांबायला लागली. रुमालातलं मेण रोज येत होतं, रडणं मात्र बंद झालं. आणि मग ते ‘मॅम म्हणतात’ सुरू झालं. मॅम म्हणतात, मनगट टेकवल्याशिवाय कोरायचं नाही. मॅम म्हणतात, दात हातांनी नाही, आधी डोक्यात कोरायचा. मॅम म्हणतात, चहा काम झाल्यावर.

एक दिवस कवळीवाल्यांनी बघितलं, तर चिंगीने कोरणी मुठीत धरली होती, बटाटा सोलायची सुरी धरावी तशी.

“अगं, ही काय पद्धत? पेनासारखी धर. मी कशी धरतो?”

“मॅम म्हणतात, तशी धरली की म्हातारपणी अंगठ्याचा सांधा जातो.”

कवळीवाले आपला अंगठा चोळायला लागले. त्यांच्या अंगठ्याचा सांधा गेली कित्येक वर्षं ठणकत होता. बाई चुकीचं बोलली असती तर त्यांना इतका राग आला नसता.

“कानामागून आली आणि तिखट झाली,” ते बायकोला म्हणाले. “हिच्या हातात पहिली कोरणी कुणी दिली? मी दिली. मेण कसं तापवायचं, कसं निववायचं, कुणी शिकवलं? पण नाही. पिकतं तिथं विकत नाही.”

“सवत आल्यासारखं काय करताय?” बायको हसून म्हणाली.

ती थट्टेत म्हणाली, पण बाण बरोबर जागी लागला. कवळीवाल्यांना चिंगीचा राग नव्हता. त्यांना हवा होता तो तिचा चेहरा, हनुवटी टेकवून श्वास रोखून बघणारा. तो आता रोज दुसऱ्या कुणाच्या तरी हातांकडे बघत होता. न पाहिलेल्या त्या बाईचा त्यांना असा हेवा वाटायचा की काम करता करता ते दातओठ खायचे, आणि धंदाच दातांचा असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात यायचं नाही.

एका दुपारी चिंगी अंघोळीला गेली होती आणि तिची दाढ टेबलावर राहिली होती. दुसऱ्या दिवशी बाईंना दाखवायची दाढ. कवळीवाल्यांनी ती उचलली, फिरवली आणि चमकले. वरची उजवी होती. ओबडधोबड होती, कडा फाटल्या होत्या, पण उजवी ती उजवीच. त्यांना आनंद व्हायला हवा होता. आधी झाला तो दंश. माझ्यासमोर एकदाही जमलं नाही आणि तिथे जमलं?

मग त्यांनी कोरणी उचलली. फक्त एक हात मारू, ते स्वतःशी म्हणाले, पोरीला बोलणी बसायला नकोत. एकाचे दोन हात झाले. मधला खड्डा खोल झाला, उंचवटे उठून आले, कडा गुळगुळीत झाल्या. खरं सांगायचं तर पोरीच्या बोलण्यांची त्यांना तेवढी पर्वा नव्हती. कारागिराचा हात कसा असतो ते त्या बाईला एकदा दिसावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

तेही झालं. दुसऱ्या दिवशी चिंगी घरी आली ती फणफणतच.

“बाबा, तुम्ही माझ्या दाढेला हात लावलात?”

“थोडासा. का? आवडली ना?”

“मॅमनी खिडकीशी नेऊन बघितली. म्हणाल्या, हा खड्डा तुझा नाही. तुझी कोरणी इथे येऊन घाबरते आणि थांबते. ही कुठेच थांबलेली नाही. आणि सगळ्या वर्गासमोर चिरडली.” चिंगीने चपटं मेण त्यांच्यापुढे ठेवलं. “म्हणाल्या, वडिलांना सांग, पुन्हा हात लावला तर तू माझ्याकडे यायचं नाही.”

कवळीवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांचं काम चिरडलं होतं! ज्या कामासाठी शहरातले डॉक्टर ताटकळत बसतात, ते काम! दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट चढवून ते घराबाहेर पडले. बायकोला सांगितलं, प्लास्टर आणायला जातो.

कॉलेजातली ती खोली लांबलचक होती. लाकडी टेबलांच्या रांगा, मोठाल्या खिडक्या, आणि ओळखीचा मेणाचा वास. कवळीवाले दाराशीच थबकले. खोलीच्या टोकाला दोघीच होत्या. बाई धिप्पाड, उग्र असतील अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात मूठभर जीव. आखूड कापलेले पांढरे केस, चष्मा दोरीने गळ्यात. दोघी खिडकीकडे तोंड करून एकाच बाजूला, खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. दोघींच्या हातात एकेक ठोकळा. बाई थोडं कोरत, चिंगी थोडं कोरे.

“डोळे आहेत की बटणं?” बाई एकदम कडाडल्या.

कवळीवाल्यांचा जीव गलबलला. आता पोरगी रडणार! घरी त्यांचा आवाज नुसता चढला तरी तिच्या डोळ्यांना धार लागायची.

“बटणं, मॅम,” चिंगी म्हणाली आणि खुदकन हसली. हसत हसतच तिने चुकलेली कड नीट केली.

अंगठ्याने जे झालं नव्हतं ते त्या हसण्याने झालं. कवळीवाल्यांना वाटलं, आल्या पावली परत जावं. तेवढ्यात बाईंनी मान वळवली, त्यांच्या भुवयांमधली गुलाबी भुकटी बघितली आणि काय ते ओळखलं. “जा गं, पलीकडच्या खोलीतून ठोकळे घेऊन ये. मोजून, बघून आण, घाई नको,” असं म्हणून त्यांनी चिंगीला मागच्या दाराने पिटाळलं. तिने बापाला पाहिलंसुद्धा नाही.

“माझ्या कामाला नाव ठेवणारा अजून जन्माला यायचाय,” कवळीवाल्यांनी वाटेत घोकलेलं वाक्य म्हणून टाकलं.

“नाव कोण ठेवतंय? असा हात मी या कॉलेजात बघितलेला नाही. म्हणून तर चिरडली. परीक्षेला तुम्ही बसणार आहात का?”

कवळीवाल्यांनी इस्त्रीच्या शर्टाची बाही उगाच सरळ केली.

“एक सांगा,” बाई म्हणाल्या. “लहानपणी ती तुमचं काम बघायची?”

“बघायची? शाळेतून आली की माझ्यासमोर हजर! तास न् तास!”

“समोर, की बाजूला?”

“समोर. टेबलाच्या पलीकडे. बाजूला मोटर असते. पोरीच्या डोळ्यात भुकटी जाईल म्हणून मीच तिचं स्टूल पलीकडे ठेवलं होतं,” ते अभिमानाने म्हणाले.

बाईंनी चष्मा काढला. “मला शंका होतीच. बसा. नाही, तिथे नको, समोर. आता मी करते तसं करा.” त्यांनी एक हात वर केला. कवळीवाल्यांनीही केला. “कुठला हात उचललात?”

कवळीवाल्यांनी बघितलं. त्यांचा डावा हात वर होता. बाईंचा उजवा.

“तिने सगळं लहानपण तुमची उजवी दाढ पलीकडून बघितली आणि हाताने तशीच उचलली,” बाई म्हणाल्या. “मुलगी ढ नाही, घाबरटही नाही. तिने तुमचं काम फार मन लावून बघितलंय. उलट्या बाजूने बघितलंय, एवढंच. म्हणून मी तिला शेजारी बसवते. आणि तुम्ही घरी अजूनही समोर बसवून दाखवता?”

कवळीवाल्यांनी होकाराची मान हलवली.

“म्हणजे मी दिवसभर सोडवते ती गाठ तुम्ही संध्याकाळी पुन्हा मारता.”

“तिला माहीत आहे हे?” कवळीवाल्यांचा आवाज खाली आला होता.

“नाही. आणि परीक्षेपर्यंत सांगायचं नाही. कारण कळलं की प्रत्येक घावाला डावं-उजवं मोजत बसेल आणि हात गोठेल. त्यानंतर सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण तोवर तिच्यासमोर कोरणी धरायची नाही. तिने मागितलं तरी नाही. रडली तरी नाही. जमेल?”

आयुष्यात कुणी त्यांना ‘जमेल का’ असं विचारलं नव्हतं. “जमेल,” ते म्हणाले आणि ठोकळे घेऊन चिंगी यायच्या आत निघाले.

हेवा कमी झाला असेल असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. तो वाढला. आतापर्यंत निदान बाई चुकतेय असं म्हणायची सोय होती, तीही गेली. आपली लेक आपल्यापेक्षा त्या परक्या बाईला जास्त कळली होती. ते त्यांना एखाद्या हलणाऱ्या दातासारखं सारखं जिभेला लागत राहिलं.

त्या दिवसापासून चिंगी घरात असली की कवळीवाले टेबलावर चादर टाकायचे आणि फिरायला निघून जायचे. काम दिवसा, ती कॉलेजात असताना. बायकोने आठ दिवस बघितलं आणि मग फटकारलं, “आपलेच दात आणि आपलेच ओठ. पोरीवर रुसून कुणाला दाखवताय?” त्यांनी तिलाही काही सांगितलं नाही. बायकोच्या पोटात काही राहत नसे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बाईंनी चिंगीला सुट्टी दिली. घरी बस, एकटीने कोर, मला विचारायला येऊ नकोस, अशी ताकीद. तिसऱ्या प्रहरी कवळीवाले आतलं दार लावून घेऊन एक निकडीची कवळी पूर्ण करत होते, तोच ते दार उघडलं. चिंगी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या ओंजळीत दोन दाढा होत्या. दोन्ही उलट्या.

“बाबा, पुन्हा तसंच होतंय,” तिचा आवाज चिरकला. “उद्या माझं काय होणार? एकदाच दाखवा ना. तुम्ही दाखवलंत की मला बरं वाटतं.”

वर्षभर ज्या क्षणाची वाट बघितली तो असा चालत समोर आला होता. लेक अंगठेबाईंना सोडून बापाकडे आली होती. तिचा चेहरा तोच जुना होता, आणि कवळीवाल्यांच्या हाताशी मेणही होतं, कोरणीही होती. त्यांचा हात पुढे गेला. मग त्यांनी तो मांडीखाली दाबला.

“तुझ्या मॅमना विचार,” ते म्हणाले.

“त्यांनी येऊ नको म्हटलंय.”

“मग माझ्याकडे कशाला आलीस? मी कोण? माझी कोरणी धरायची पद्धतसुद्धा तुला चालत नाही. मेण तापवायला मी शिकवलं, आणि नाव कुणाचं? मॅमचं. उठता मॅम, बसता मॅम. जा, त्यांनी शिकवलंय ना? मग कोर त्यांच्यासारखी. माझ्याकडे काही मागायचं नाही.”

ही वाक्यं तिला हाकलून लावायला म्हणून त्यांनी काढली होती. पण एक शब्दही जुळवावा लागला नाही. महिनोन्‌महिने ती आत तयार होऊन बसली होती, नुसतं तोंड उघडायचा अवकाश.

चिंगीने दोन्ही दाढा टेबलावर टाकल्या. “तुम्ही इतक्या कोत्या मनाचे असाल असं मला वाटलं नव्हतं, बाबा.” ती आत गेली आणि दार आपटलं. त्यानंतर आतून मेण खरवडल्याचा आवाज येत राहिला, रागारागाने, कितीतरी वेळ. कवळीवाल्यांच्या हातची ती कवळी काही त्या दिवशी पूर्ण झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिंगी धावतच घरात शिरली. “आई! वरची उजवी! उजवीच आली आणि उजवीच झाली! परीक्षकांनी हातात घेऊन तीनदा बघितली!” मायलेकी एकमेकींना मिठी मारून रडल्या. पास झाल्याचं संध्याकाळी कॉलेजने कळवलं, तेव्हा चिंगीने पहिला फोन अंगठेबाईंना केला. फोनवर ती हसली, रडली, पुन्हा हसली. कवळीवाले टेबलाशी प्लास्टरचा जबडा हातात धरून सगळं ऐकत उभे होते.

फोन ठेवून ती त्यांच्याकडे वळली.

“तुमच्यावर अजून राग आहे माझा. काल हाकललंत ना मला? खोलीत जाऊन मी खिडकीकडे तोंड करून बसले. मॅम शेजारी बसल्यात असं मनात आणलं आणि कोरत सुटले. पाच केल्या. पाचही बरोबर. काल माझ्याबरोबर त्या होत्या, बाबा, तुम्ही नव्हतात.”

“हं,” कवळीवाले म्हणाले.

“मला सगळ्यात वाईट कशाचं वाटतं, सांगू?” तिचा आवाज मऊ झाला. “लहानपणी मी तुमच्यासमोर बसायचे ना, ते माझे सगळ्यात छान दिवस. जगात तेवढंच एक ठिकाण होतं, जिथे मला कधी काही चुकतंय असं वाटलं नाही. तेव्हा तुम्ही असे नव्हतात. खरं सांगा, मॅमचा तुम्हाला इतका हेवा का वाटतो?”

आता परीक्षा झाली होती, बाईंची मनाई संपली होती. ‘बाईंनीच दाखवू नका म्हटलं होतं’ एवढं एक वाक्य बोलले असते तर ते सुटले असते. चांगले ठरले असते, लेक गळ्यातही पडली असती. पण त्या एका वाक्यामागून दुसरं आलंच असतं. तिची दोन वर्षं कुणी फुकट घालवली, ते. ते सगळ्यात छान दिवसच तिला नडले, ते. कवळीवाल्यांनी ते वाक्य गिळलं. मत्सरी बाप म्हणवून घेणं त्यांना परवडणार होतं, आणि तसंही त्यात खोटं काहीच नव्हतं.

“वाटतो,” ते म्हणाले. “फार वाटतो.”

चिंगीला या उत्तराची अपेक्षा नव्हती. “निदान कबूल तरी केलंत,” ती म्हणाली, आणि मग घाईघाईने केस विंचरून अंगठेबाईंना भेटायला निघाली. तू येतेस का, असं तिने आईला विचारलं. बापाला विचारलं नाही.